नाटक संपल्यावरचा माईक

ज्या सिनेमातून माणसं मधेच उठून जातात, तो सिनेमा पिंपरी पेंढारचा सावळेराम दोनदा बघतो. मोटार रिवाइंडिंगचं त्याचं दुकान. हातानं तांब्याची तार गुंडाळत राहायची आणि समोर फोनवर कुठल्या तरी मुलखातला पिक्चर लावायचा, ज्यात अर्धा तास कुणी बोलत नाही आणि शेवटी कामगार हरतात. बोअरची मोटार जळाली म्हणून घायकुतीला आलेला माणूस दारात आला, तरी हा त्याला स्टुलावर बसवणार. "पाच मिनटं बघा राव, साहेब कसा खोटं बोलतो ते!" तो बिचारा बघतो. मोटार अडकलेली असते, करणार काय?

पुण्याला स्पर्धेची नाटकं लागली की दुकानाला कुलूप. जात, पाणी, कारखान्याची निवडणूक, ज्यात कुणाचं तरी पितळ उघडं पडतं ते सावळेरामला आवडतं. "नाटक बघून जेवण गोड लागलं तर ते नाटक कसलं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. जत्रेत रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडाची हजेरी, म्हणजे दिवसाउजेडी होणारा खेळ. गेली सहा वर्षं सावळेराम पंचांशी भांडून हजेरीआधीचे दोन तास मागून घेतो आणि तिथं नाटक लावतो. नाटक संपलं की माईक लोकांत फिरलाच पाहिजे, हा आणखी एक हट्ट. सहा वर्षांत दोन माणसं बोलली. त्यातल्या एकानं जेवण कुठं आहे एवढंच विचारलं.

यंदाचं नाटक हक्कसोडीवर होतं. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला गाडीत घालून ऑफिसात नेतो, बापाच्या जमिनीतला हक्क सोडल्याची तिची सही घेतो आणि येताना तिला साडी घेऊन देतो. सावळेरामनं ते पुण्यात तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा रडला. गावात दिसेल त्याला सांगत सुटला, "लई जबरदस्त! आपल्या समाजाचं थोबाड फोडलंय."

जत्रेला तीन दिवस असताना आणे गावाहून, सासरहून, त्याच्या धाकट्या बहिणीचा, लंकाबाईचा फोन आला. "दादा, औंदा मी येते. तू सारखा सांगतोस ते नाटक बघायचंय मला."

"ये की! पुढंच बसवतो तुला."

फोन ठेवला तेव्हा त्याची बायको साळूबाई भाकरी थापत होती. "लंकावन्संना हे नाटक दाखवणार तुमी?"

"का? काय झालं?"

"काय नाय. तीनदा तुमीच बघितलंय ना?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

तेव्हा कुठं सावळेरामला कळलं. अकरा वर्षांपूर्वी तोच लंकाला जुन्नरला घेऊन गेला होता. सही झाल्यावर बाजारातून हिरवी साडीही घेतली होती. हे तो विसरला होता असं नाही. पण नाटकातला भाऊ लबाड होता, आणि आपण तर बहिणीवर जीव टाकणारे! सही काय, सगळेच घेतात, रीतच आहे. त्यामुळे तीनदा रडूनही तो भाऊ म्हणजे आपण, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. दुसऱ्यांची पितळं मोजण्यात तरबेज माणूस, स्वतःच्या घरात मात्र ठार आंधळा.

पुढचे तीन दिवस त्याला अन्न गोड लागेना. एका मोटारीला तार उलटी गुंडाळली, ती परत सोडावी लागली. नाटकवाल्यांना फोन लावून विचारलं, "दुसरं एखादं विनोदी नाय का तुमच्याकडं?" ते म्हणाले, "भाऊ, तुम्हीच तर हेच पाहिजे म्हणून मागं लागला होतात." माईकची वायर गुपचूप सैल करावी, असंही मनात येऊन गेलं. आईबाप गेलेले, पाठची ही एकटीच. चारचौघांत तोडून बोलली तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. पण न बोलता उठून गेली आणि परत आलीच नाही तर? ही भीती जास्त मोठी होती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाई एसटीतून उतरली ती हिरवी साडी नेसून. घड्यांच्या रेघा अजून कडक होत्या. अकरा वर्षांत ती साडी तिच्या अंगावर त्यानं एकदाही पाहिली नव्हती.

"लई दिवसांनी काढलीस," तो कसाबसा म्हणाला.

"आजच घडी मोडली," ती म्हणाली आणि पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली.

नाटकभर सावळेराम स्टेजकडं बघतच नव्हता, बहिणीकडं बघत होता. सहीच्या प्रसंगाला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लंका मान वाकडी करून निरखून बघत राहिली. पडदा पडला. माईक घेऊन तो घाईघाईनं म्हणाला, "कुणाला काय बोलायचं नसंल तर मग हजेरी…"

हात वर झाला. हिरव्या पदरातला.

माईक तिच्याकडं गेला. लंका उभी राहिली. "त्या पोरीनं काम झकास केलं. पण एक चुकलं. सही करताना तिचा हात थरथरतो. तसं नसतं. हात थरथरत न्हाई. आपण हसत हसत सही करतो. शेजारी भाऊ उभा असतो ना, त्याला वाईट वाटू नये म्हणून." एवढं बोलून ती खाली बसली.

टाळ्या पडल्या नाहीत. एक बाई हलकेच "व्हय गं" म्हणाली. माईक हातोहात फिरून सावळेरामकडं आला. दर वर्षी या वेळेला तो समाजाची खरडपट्टी काढत पाच मिनिटं बोलायचा. पंच हजेरीसाठी खुणा करत होते. त्यानं त्यांच्याकडं पाठ केली.

"ही लंका," तो म्हणाला. "माझी बहीण. त्या दिवशी शेजारी मी उभा व्हतो."