ताटावरून उठताना

इंग्रजी सिनेमा लावलाय आणि तिसऱ्यांदा थांबवलाय. बसवतच नाही. टेबलावर मुलीचं ताट तसंच आहे, अर्धी भाकरी आणि थिजलेला तांबडा रस्सा. सिनेमातला मुलगाही आत्ताच बापाशी भांडून जेवणावरून उठला, आणि मला राधानगरीची आत्या आठवली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. शाहूपुरीतल्या आमच्या घरी भाड्याचा व्हीसीआर आणला होता. त्या सिनेमातही असाच प्रसंग होता. मुलगा खुर्ची मागं ढकलून तरातरा निघून गेला.

"काय काम केलंय!" मी म्हणालो.

इंग्रजीचं अक्षर न कळणारी आत्या शेंगा फोडत बसली होती. "कशाचं रं? न्हाय जमलं त्याला."

"का?"

"भरल्या ताटावरनं उठणारं माणूस आधी ताटाकडं बघतंय. ह्यो नुसता दाराकडं बघतोय की!"

आम्ही खो खो हसलो. आत्या हसली नाही. तिचा थोरला असाच जेवता जेवता उठून गेला होता आणि परतला नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आम्हाला वाटलं, ती सिनेमाबद्दल बोलतेय.

मघाशी लग्नाच्या विषयावरून आवाज चढले आणि मुलगी बॅग उचलून गेली. फोन लागत नाही. दार आपटलं त्याचं काही नाही, ते सिनेमातही आपटतात. पण उठताना तिनं ताटाकडं बघितलं होतं.