मानपत्रातलं एक वाक्य

बेंगळुरातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी अगदी लहान होती. स्वतःचं चर्च नव्हतं. सकाळी तमिळ मंडळीची उपासना आटोपली की दुपारी दोन तास त्यांचं चर्च आम्हाला मिळायचं. माझे अप्पा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि मंडळीचे चिटणीस. साठ सालाच्या आसपास, मी एकोणीस वर्षांची असताना, हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, एका सुताराचा जाहीर सत्कार करायचं त्यांच्या मनानं घेतलं.

या सुताराला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. बेळगावकडचा, पन्नाशीचा, पैलवानी अंगाचा, एकटा माणूस. कुणाकडे मयत झालं की शवपेटी अण्णा करायचे. आजाऱ्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठायचे. त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

पाळकसाहेब कां-कूं करत होते. "आपलं धर्माचरण लोकांना दाखवायला नसावं, अशी प्रभूची शिकवण आहे."

"अण्णा कुठं दाखवतायत? मान आपण देतोय," अप्पा म्हणाले. "आदरास पात्र असेल त्याला आदर द्यावा, हीही शिकवणच आहे."

माझं अक्षर चांगलं, म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं. माहिती विचारायला मी अण्णांच्या कारखान्यात गेले. ते फळीवर रंधा मारत होते. बेळगावातले दिवस विचारले तसा त्यांचा हात थांबला.

"नको लिहूस, बाळ. अप्पांना सांग, हे बेडा, नकोच."

मला तो विनय वाटला. घरी येऊन मी मानपत्र मनानंच रचलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'या हातांनी आजवर कुणालाही इजा केलेली नाही.'

सणाच्या दिवशी वेदीपाशी भोपळे, केळीचे घड, नाचणीची कणसं रचली होती. दोन जड पितळी मेणबत्तीदाण्या लखलखीत घासून ठेवल्या होत्या. अण्णांना पुढं बोलावून शाल घातली. ते मान खाली घालून उभे राहिले. अप्पांनी मानपत्र वाचायला घेतलं, आणि ते वाक्य संपतं न संपतं तोच मागच्या बाकावरची एक बाई उठली.

जयनगरात नुकत्याच राहायला आलेल्या एका कुटुंबाची ती स्वयंपाकीण. भाजीची टोपली घेऊन मालकिणीबरोबर आली होती. ती सरळ चालत पुढं आली. काही द्यायला आली असेल असं वाटून लोकांनी वाट दिली. तिनं मेणबत्तीदाणी दोन्ही हातांनी उचलली आणि अण्णांच्या डोक्यावर घातली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अण्णा गुडघ्यांवर बसले. भुवईवरचं कातडं फाटून रक्त डोळ्यात, दाढीत, शालीवर उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला, तेव्हा हाड मोडल्याचं पहिल्या बाकापर्यंत ऐकू आलं. बायका किंचाळल्या. अप्पांनी तिला मागून धरलं तर तिनं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला.

"सोडा तिला," अण्णा खालूनच म्हणाले. "मारू दे."

अप्पांची पकड सुटली. तिसरा घाव तिनं तोंडावर घातला. अण्णांनी हात वर केला नाही. त्यांनी थुंकलेल्या रक्तात दोन दात होते. मग तिच्याच हातून दाणी निसटली.

"कुणालाही इजा नाही?" ती धापा टाकत म्हणाली. "बेळगावच्या संपात माझ्या नवऱ्याला गिरणीच्या फाटकात पाडून ह्यानं त्याचे दोन्ही पाय सळईनं मोडले. मी पोरीला कडेवर घेऊन पाया पडत होते, तरी मोडले. जखमा सडल्या. दोन महिने ओरडत मेला तो. विचारा ह्याला!"

अण्णांनीच मान हलवली. "खरं आहे."

इस्पितळात पोलीस आले, तेव्हा तिच्याविरुद्ध तक्रार द्यायला अण्णांनी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी मी गेले. तोंड सुजून वाकडं झालं होतं.

"ते वाक्य मी लिहिलं होतं," मी रडत म्हणाले.

"तू कशाला रडतेस? तू विचारायला आलीस, मी बोललो नाही." ते थांबत थांबत सांगू लागले. गिरणीच्या ठेकेदारानं त्यांना संप मोडायला पाळलं होतं. त्या माणसाचा एक पाय मोडल्यावर त्यांना थांबता आलं असतं. "पुढं प्रभूला शरण गेलो. त्याच्यापुढं सगळं कबूल केलं. त्या बाईपुढं जायची हिंमत झाली नाही. देव हाणत नाही ना, बाळ."

खांदा सांधल्यावर अण्णा बेळगावला जाऊन स्वतः पोलिसांपुढं उभे राहिले. खटला चालला. ती बाई साक्षीला गेली, आणि अण्णांना सात वर्षांची सजा झाली. मंडळीत मात्र फूट पडली. जिनं मारहाण करून चर्च विटाळलं त्या बाईवर फिर्याद करायला हवी होती, असं म्हणत तीन घरं आम्हाला सोडून गेली. अप्पा चिटणीसपदावरून उतरले.

सजा झाल्यावर मी एकदा जयनगरात त्या बाईला भेटले. ती ओट्यापाशी नारळ खोवत होती. मी माफी मागितली.

"तुझी कशाला? तुला स्वल्पही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

"आणि त्यांना? त्यांना माफ कराल, अक्का?"

तिचा हात चालूच राहिला. "त्यानं कोर्टात माझ्या माणसाचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर. 'खून मी केला' म्हणाला. एवढं मला हवं होतं." मग तिनं खोबऱ्याची वाटी पुढं सरकवली. "माफीचं तुमच्या देवाला विचार. मला अजून त्याला मारावंसं वाटतं."