कानामागचा आवाज

माझ्या डाव्या कानामागे एक आवाज होता. लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा, पण नाडीच्या ठेक्यावर. हंडा उचलला की तो वाढायचा. सासूबाईंना एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, "कामाच्या टायमालाच बरा वाजतो तुजा बाजा!" तेव्हापासून घरात सगळे त्याला बाजाच म्हणत. मीही हसायचे. न हसून करते काय?

सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षं. आमच्या राहुरीकडच्या गावात पाटाला नुकतं पाणी आलं होतं. तिथेच धुणं धुताना मला फिट आली. शुद्धीवर आले तर भोवती अर्धा गाव, लुगडं गुडघ्यावर आणि डोक्यावर पदर नाही. मेले असते तर बरं, असं वाटलं.

"नांदायचं न्हाई म्हनून सोंगं," सासूबाईंनी निकाल दिला. मामंजी म्हणाले, "एकदा पुन्याला दावू. डाक्टर काय न्हाई म्हनला, तर तिकडूनच माहेरी सोडू. कायमचं."

पुण्याला मामंजी, नवरा आणि मी गेलो. डॉक्टर म्हणाले, "पदर काढा." सासऱ्यांसमोर माझा पदर कधी कपाळावरून सरकला नव्हता. मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी कानामागे नळी टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आहे की आवाज!" मला रडूच फुटलं.

मग मानेत सुई खुपसून औषध सोडलं आणि एकामागून एक एक्स-रे काढले. डोकं आतून भाजून निघालं. ते फोटो खिडकीला धरून डॉक्टर सांगू लागले, "पूर्वी हे माणूस गेल्यावरच कळायचं. जिवंतपणी कळलं तरी गाठ समजून कापायला जात, आणि रक्त आवरत नसे. आता फोटोत दिसतं, गाठ नाही, रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. रक्त बारीक नळ्यांतून मुरत जायला हवं, ते थेट शिरेत घुसतंय."

"म्हंजी पानी वाफ्यात न जाता पाटातनं सरळ वढ्याला," भिंतीकडून मामंजी म्हणाले.

"अगदी तसंच. काढावं की राहू द्यावं, यावर आमचंच अजून एकमत नाही. सध्या फिटच्या गोळ्या देऊ." मग ते नवऱ्याकडे वळले. "इतका मोठा आवाज शेजारी झोपणाऱ्याला सहज ऐकू येईल. तुम्हाला कधीच आला नाही?"

नवऱ्याने मान खाली घातली. "येतो. रोजच येतो."

"मग घरी बोलला का नाहीत?"

तो टोपी चुरगाळत राहिला. डॉक्टरांना कळेना, आम्हा तिघांना कळलं. आवाज ऐकला म्हणायचं, म्हणजे बायकोच्या डोक्याला कान लावून निजतो हे आईबापाला सांगायचं. मला त्याचा असा संताप आला! पण तो ऐकतो, हे मला तरी कुठे ठाऊक नव्हतं? "वाजतोय गं," असं तोच तर मला म्हणायचा. सासूबाईंना मी एकदाही म्हणाले नव्हते की, यांना विचारा. कायमची माहेरी गेले असते, पण हे तोंडातून निघालं नसतं.

मामंजी वळले नाहीत. खाकरून म्हणाले, "डाक्टरनं ऐकला, आसं सांगतो घरी. ह्यानं ऐकला ते नगं."

मी पदर डोक्यावर ओढला. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.