सासऱ्यांची मान

“मान वाजली म्हणजे बरी झाली, असं नसतं,” आत्या एकदा म्हणाली होती.

ती फिजिओथेरपिस्ट. मानेला झटका देण्याआधी विचारायची: चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, जीभ अडखळते का. एक जरी ‘हो’ आला, तरी ती मानेला हात लावत नसे.

एकदा ती काम करायची त्या दवाखान्याच्या मालकाचे सासरे आले. आदल्या दिवशी न्हाव्याने मान मोडल्यापासून त्यांना गरगरत होतं.

“यांना मोठ्या इस्पितळात न्या. मानेतली रक्तवाहिनी तपासू द्या,” आत्या मालकाला म्हणाली.

“न्हावी बरा,” सासरे म्हणाले. “मुलाखत घेत नाही.”

“झटका द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाला.

आत्याने अँब्युलन्स बोलावली. सासऱ्यांना तिच्यात चढवलं, आपला पांढरा कोट खुंटीला लावला आणि ती निघून गेली.