बोटांवरचं वरण

सुमनआत्याच्या घरी जेवताना ताटावर हात आडवा धरून उपयोग नसे. ती सरळ बोटांवर वरण ओतायची. निलंग्याला तिच्याकडे जेवलेल्या माणसाला मनगटापर्यंत हात धुवावा लागायचा. "वरवर नको म्हणायलीस, पोट हाव म्हणायलंय," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिच्या लेखी नकार हा जेवणाचाच भाग होता. पाहुण्याने नको म्हणायचं, तिने ऐकायचं नाही, आणि मग दोघांनी समाधान पावायचं.

माझे वडील लातूरला छापखाना चालवायचे. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. आत्या सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा मी त्या देशाच्या खाण्यावरच एक पत्रक लिहीत होते. पाकिटातलं अन्न, कंपन्यांची सत्ता, माणसाची जीभ विकत घेणारा बाजार. पुरावे गोळा करून आणायची कामगिरी मी आत्यावर सोपवली.

तिने पुरावे आणले, पण माझ्या कामाचे फारसे नव्हते. तिकडे लोक गाडी चालवता चालवता जेवतात, असं तिने सांगितलं आणि लगेच म्हणाली, "बिचाऱ्यांना बसायला कुनी वेळच देत न्हाई, बाई." पाण्यात निम्मा बर्फ असतो, एकाची थाळी तिघांना पुरते. मात्र हॉटेलात उरलेलं डब्यात भरून घरी न्यायला कुणी लाजत नाही, हे तिला फार आवडलं होतं. मी चिडून विचारलं, वाईट काहीच दिसलं नाही का? तेव्हा तिने शेजारच्या म्हातारीची गोष्ट काढली.

मार्था नावाच्या त्या बाईने आत्याला जेवायला बोलावलं होतं. आत्याला अंडंसुद्धा चालत नाही हे आत्याच्या मुलाकडून आधी विचारून घेऊन मार्थाने भोपळ्याची भाजी, मक्याचा पाव आणि सफरचंदाचा गोड पदार्थ केला. मुलगा-सून त्या दिवशी दवाखान्यात होते, त्यामुळे सांभाळून घ्यायला कुणी नव्हतं. मार्थाने भांडं पुढे केलं. आत्या रीतीप्रमाणे नको म्हणाली आणि पुन्हा विचारण्याची वाट पाहत बसली. मार्थाने मान डोलावून भांडं बाजूला ठेवलं. प्रत्येक भांड्याचं तेच झालं. घरी येऊन आत्याने उभ्याउभ्याच शेंगदाण्याची चटणी आणि पाव खाल्ला. तिला अपमान वाटला होता. पुढे मुलाकडून कळलं की मार्था त्याला विचारत होती, माझ्या हातचं तुझ्या आईला काहीच आवडलं नाही का?

"तिनं माझा शब्द खरा धरला गं," आत्या म्हणाली. "इतकी वर्सं लोकांना वाढले, मी कुनाचा धरला?"

अमेरिकेला जाण्याआधी आत्यानेच माझ्यासाठी औशाचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा नोकरीचा, घर चांगलं. मी नाही म्हणाले होते आणि ते कुणी कानावर घेतलं नव्हतं. आत्या परत आल्यावर तिच्याच घरी दोन्हीकडच्या माणसांचं जेवण ठरलं. जेवणानंतर सुपारी फोडायची, असं आईने मला न विचारता कबूल करून टाकलं होतं.

पंगत बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही.

मुलाचे मामा हसले. "पोरी पहिल्यांदा नकोच म्हणत्यात. आमची बी म्हणली हुती."

बाकीचेही हसले. आई हसली. आयुष्यभर इतरांच्या स्वातंत्र्याची पत्रकं छापणारे माझे वडील ताटाकडे बघत राहिले.

आत्या पुरणपोळी वाढत होती. ती मामांपुढे आली. त्यांनी ताटावर हात धरला आणि नको नको म्हणाले. आत्या पोळी घेऊन पुढे गेली. पाठोपाठ तुपाची वाटीही पुढे गेली. मामा हात तसाच धरून बसले. सगळ्या पंगतीला पोळी मिळाली, सगळे जेवायला लागले, तरी त्यांच्या ताटात पोळी नाहीच.

"ताई, पोळी राहिली की इकडं," शेवटी ते म्हणाले.

"तुमी नको म्हणलात, मी ऐकलं," आत्या म्हणाली. "ही बी नको म्हणायलीय. स्थळ मीच आनलं हुतं, मीच परत नेते."

मग तिने त्यांना पोळी वाढली, वर सढळ हाताने तूप घातलं. त्यांनी ती खाल्ली. सुपारी ताम्हनातच राहिली.

पत्रक मी छापलं. कंपन्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. त्या देशातल्या माणसांच्या ताटाची थट्टा करणारा परिच्छेद मात्र काढून टाकला.

आत्या मागच्या वर्षी गेली. माझ्याकडून पाहुणे अर्धपोटी उठतात, अशी आईची तक्रार असते. मी एकदाच विचारते. नको म्हणणाऱ्याच्या ताटावरून पळी मागे घेते, आणि त्याची कोरडी बोटं बघून मला आत्या आठवते.