टेंट म्हणजे पाल नव्हे

माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवर लडाखला जाऊन आला, तेव्हापासून तो परतूरच्या बाजारातसुद्धा पाय फाकवून चालतो. येताना मोटारसायकल ट्रकमध्ये टाकून आणली आणि हा रेल्वेने आला, हे तो कुणाला सांगत नाही. ते मी सांगतो.

मी एसटीत कंडक्टर आहे. परतूरहून घनसावंगी, घनसावंगीहून परतूर, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. फिरण्याचं मला काडीचं कौतुक नाही. मला फिरण्याचा पगार मिळतो, आणि तो मिळत नसता तर मी ओट्यावरून उठलो नसतो. पण माझ्या भावासारखी माणसं सुट्टी काढून, पदरचं पेट्रोल जाळून, उन्हातान्हात कंबर मोडून घेतात आणि वर त्याला शोध म्हणतात. कशाचा शोध, हे विचारलं की म्हणतात, स्वतःचा. भाऊ तर घरातच असतो. जेवायला हाक मारली की लगेच सापडतो.

जालन्यात त्यांचा एक ग्रुप आहे. ग्रुपचा लीडर खत-बियाण्यांचा दुकानदार. सोमवार ते शनिवार फवारणीचं औषध विकायचं आणि रविवारी झाडाखाली बसून निसर्गावर बोलायचं, असा त्याचा क्रम. बाकीचे कुणी दातांचे डॉक्टर, कुणी कारखान्याच्या ऑफिसातले. माझा भाऊ सळयांच्या कारखान्यात हिशेबाला आहे. ही सगळी तिशी-चाळिशीतली माणसं एकमेकांना ‘ब्रो’ म्हणतात. भर एप्रिलात जाड जाकीट घालतात, गुडघ्यांना आणि कोपरांना वाट्या बांधतात आणि टपरीवर उतरली की घामाचा वास आधी पोचतो. प्रत्येकाच्या हेल्मेटवर कॅमेरा. भाऊ त्या कॅमेऱ्याशी हिंदीत तासन् तास बोलतो. घरी माय विचारते, भाकर वाढू का, तर मान हलवतो.

माय ह्या सगळ्याकडे कसं पाहायची ते सांगायला हवं. आमचं घराणं मेंढरांमागचं. आजा, पणजा, सगळे कळप घेऊन गोदाकाठाने फिरले. शेतकरी आपल्या वावरात खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे, तिथेच कापडाचं पाल ठोकायचं, ते वावर झालं की पुढचं. माय अशाच पालात जन्मली, मीही पालातच जन्मलो. नंतर बापाने कळप विकून थोडी जमीन घेतली, मग पत्र्याचं घर झालं, मग स्लॅबचं. स्लॅब पडला त्या दिवशी माय खाली फरशीवर आडवी होऊन नुसती वर बघत राहिली होती. धाकटा स्लॅबखाली जन्मला. आता तोच पाठीवर तंबू घेऊन उघड्यावर झोपायला जातो म्हटल्यावर तिला ते कळेना. ती विचारायची, “ह्याला घरात काही टोचून राह्यलं का?”

भावाचं लग्न जमत नव्हतं, हे मायचं खरं दुखणं. आमच्या भागात आता पोरींचे बाप पोरांना रांगेत उभे करतात. भावाने तिशी ओलांडली, दोन सोयरिकी हातातून गेल्या, आणि मायला रात्रीची झोप लागेना. शेवटी टेंभुर्णीचं एक स्थळ जुळत आलं. पोरगी चांगली, शिकलेली. बाप कापसाचा व्यापार करणारा, दारात जीप. बघाबघी झाली, पसंती झाली, फक्त सुपारी फुटायची राहिली. आमच्यात एकदा सुपारी फुटली की सोयरीक पक्की. तोपर्यंत कुणीही, कशावरूनही उठून जाऊ शकतं. माय तो मधला काळ श्वास धरून काढत होती.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात ग्रुपने कॅम्पिंगचा बेत केला. जागा सुचवली माझ्या भावाने. टेंभुर्णीच्या शिवारातला पाझर तलाव. कारण काय, तर होणाऱ्या बायकोला मोटारसायकल दिसावी. मायने मला सोबत पाठवलं. म्हणाली, “तू जाय संगं. ह्या टायमाला हातपाय मोडून घेतले तर कोन पोरगी दील?”

मग मी दोन दिवसांची रजा टाकून त्याच्या मागच्या सीटवर बसलो. ती सीट कुणी बनवली त्याला तिच्यावर बसवून टेंभुर्णीपर्यंत न्यायला पाहिजे. गावात शिरल्यावर भावाने पोरीच्या गल्लीतून दोनदा गाडी फिरवली, कुत्री मागे लागेपर्यंत. पण काच खाली आणि हेल्मेट डोक्यावर, त्यामुळे तो कोण हे कुणालाच कळलं नाही. मी म्हणालो, “आता आलोच आहोत तर पाहुण्यांच्या घरी चहाला तरी जाऊ. सोयऱ्याच्या शिवारात येऊन त्याच्या दारी न जाणं म्हणजे त्याचं नाक कापणं.” तर म्हणतो, “दादा, त्याने कॅम्पचा फील जातो.”

तलावाकाठी त्यांनी आपापले रंगीत टेंट लावले. लावायला जो वेळ लागला त्यात माझ्या आज्याने पाल ठोकून, दूध काढून, जेवून घेतलं असतं. शेजारच्या वावरात ज्वारी हुरड्यावर आली होती. मालक स्वतः होऊन म्हणाला, या, आगटी पेटवतो. ह्यांनी त्याला नको म्हणून पाकिटातल्या शेवया शिजवल्या आणि त्यांचे फोटो काढले. लीडरकडे एक घडीचं फावडं होतं, सकाळी शेतात जायचं ते घेऊन. काही वर्षांपूर्वी आमच्या गावांत टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्यांना पथकं पहाटे पकडायची, हातात गुलाबाचं फूल देऊन लाजवायची. तीच गोष्ट फावडं घेऊन केली की छंद होतो, हे त्या म्हाताऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला गावचे पोलीस पाटील आले. हातात काठी, डोक्याला टॉवेल. आधी टेंटभोवती एक चक्कर मारली.

“राम राम. ही पालं कुनाची हायेत?”

लीडर म्हणाला, “पालं नाहीत काका, टेंट आहेत. आम्ही कॅम्पिंग करतोय.”

“म्हंजे काय करून राह्यलात?”

“निसर्गात राहतोय. शांततेत.” हे तो मागे वाजणाऱ्या स्पीकरच्या वरताण ओरडून म्हणाला.

“बरं. मंग मेंढरं कुठंयत?”

“मेंढरं नाहीत.”

“जडीबुटी इकता का?”

“नाही हो! आमची घरं आहेत जालन्याला.”

पाटील थबकले. “घर हाय, अन् हितं थंडीत झोपून राह्यलात? काहून? भांडन झालं का घरी?”

मी पोट धरून हसलो. पुढे पाटलांनी प्रत्येकाचं आधार कार्ड मागितलं आणि भावाचं कार्ड हातात आल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं. “परतूरचे का? बरं, बरं,” एवढंच म्हणाले आणि कार्ड परत देऊन गेले. तेव्हा माझं हसणं थांबलं. ते पोरीचे चुलते होते, हे आम्हाला नंतर कळलं. बघायच्या दिवशी ते बाहेरगावी गेले होते.

ठरलेल्या दिवशी पाहुणे आमच्या घरी आले. पोरीचा बाप, दोन भावकीतले आणि पोरीची आत्या. सुपारी खिशात होती, पण तोंडं उतरलेली. पाण्याचा तांब्याही कुणी उचलेना. मायने पदर सारखा केला आणि दाराशी बसली.

पोरीच्या बापाने सुरुवात केली. “शिवारात आले अन् घरी न्हाई आले, ते एक सोडून देऊ. पन पाल ठोकून राह्यले? गावात बोभाटा झाला. लोक म्हनून राह्यले, ह्यानं पोरगी पालात दिली. मी काय तोंड दाखवू?”

ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस राजवाड्यात जन्मला. ह्याचा बाप आणि माझा आजा एकाच वाटेने कळप हाकायचे, हे त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. जीप दारात आली की माणसाला आपला बाप आठवत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मायने हातानेच मला गप्प केलं. सोयरीक तिची होती.

मग भाऊ बोलला. डोंगर, खिंडी, बर्फ पार केलेला आमचा वीर कॉटवरून पुढे सरकला आणि मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाला, “मामा, तुमचा गैरसमज झाला. टेंट म्हणजे पाल नव्हे. हा बाहेरच्या देशातला आहे, वॉटरप्रूफ. पालात कोण राहतं? ज्यांना घर नाही, दार नाही, ठिकाणा नाही, असले भिकारडे लोक. त्यांचा आणि आमचा काय संबंध?”

माय त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

पोरीच्या बापाचा चेहरा खुलला. “असं हाय का? बाहेरदेशी हाय? मंग बिलकुल हरकत न्हाई.” भावकीतल्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, माना डोलावल्या, पाणी प्यायले. माझा संताप मस्तकात गेला होता. ह्या सासऱ्या-जावयाची सोयरीक फार आधीच जमायला हवी होती, इतके ते एकमेकांना शोभत होते. मी मायकडे पाहिलं. जे तिला हवं होतं ते तिच्या समोर ठरत होतं. तिने उठून पाटा आणला, पुसला आणि मधोमध ठेवला. पोरीच्या बापाने त्यावर सुपारी ठेवली आणि वरवंटा हातात घेतला.

सुपारीआधी दोन्हीकडचे सोयरे-धायरे विचारायची रीत आहे. आत्याने सहज विचारलं, “विहीणबाई, तुमचं माहेर कोन्तं वो?”

हा प्रश्न मायला आयुष्यभर विचारला गेला आहे. ती दर वेळी “गोदाकाठचं” म्हणायची आणि लोक पुढे खोदत नसत.

“पाल,” माय म्हणाली.

“हे कुठं आलं? जाफराबादकडं का?”

“गाव न्हाई, बाई. पाल. कापडाचं. मी त्याच्यात जन्मले. ह्यो मोठाबी त्याच्यातच जन्मला. सुपारी फोडायची तं हे ऐकून फोडा.”

वरवंटा वरच राहिला. आत्याने पदर तोंडाला लावला. भावाची मान खाली. मोबाईलवरचा फोटो अजून उजेडात होता, मोबाईल त्याने पालथा केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “माय, जाऊ दे ना. ती जुनी गोष्ट झाली.”

“जुनी कशानं?” माय म्हणाली. “मी बसले की हितं.”

पोरीच्या बापाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उठून जायचं तर आपलाही बाप कुठे जन्मला हे बाहेर येणार, हे त्याला कळलं असावं. त्याने डोळे मिटून वरवंटा मारला. घाव तिरपा बसला आणि सुपारी निसटून कॉटखाली गेली. होणारा सासरा आणि होणारा जावई दोघेही गुडघ्यांवर बसले आणि कॉटखाली माना घालून तिला शोधू लागले. पाट्यासमोर माय ताठ बसून होती. ती जागची हलली नाही.