मोकळा चॅनेल

माझ्या वहिनीला एका जागी बसवणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. लग्नाचं बोलणं चाललं होतं त्या दिवशीही ती आमच्या घरात चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती. दादाने मोठ्या हौसेने विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, समोरच्या गच्चीवरचा अँटेना वाकडा बसवलाय. आई मागाहून मला म्हणाली की मुलीच्या पायाला भिंगरी आहे. आमचा दादा चष्म्याच्या काचा घासतो, दिवसभर एका स्टुलावर. या दोघांचं कसं जमायचं, ही काळजी आम्ही उगाच केली. तो बसतो, ती फिरते, आणि घर चालतं.

वहिनी एका छोट्या इंटरनेट कंपनीत होती. आमचं गाव डोंगरउतारावर पसरलेलं, खाली खाडी. खडक फोडून घरोघरी केबल नेणं कुणाला परवडत नाही, म्हणून इंटरनेट हवेतून येतं. बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्यावर कंपनीचे अँटेना, घरांच्या छपरांवर ताटाएवढ्या डिश, आणि त्यांचं दिवसभर आपसांत बोलणं. कुठल्या अँटेनाने कुठल्या चॅनेलवर बोलायचं आणि किती जोरात, हे वहिनी ठरवायची. मी पडले शिवणकाम करणारी. मला कळावं म्हणून ती सांगायची, एका खोलीत सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मग जो तो आवाज चढवतो, आणि होतं नव्हतं तेही ऐकू येईनासं होतं. तिचं काम म्हणजे त्या खोलीत शिस्त लावणं.

हवेतले हे चॅनेल वापरायला परवाना लागत नाही. अट एकच. त्यातल्या मधल्या काही चॅनेलवर हवामान खात्याचं रडार चालतं आणि तिथे पहिला मान त्याचा. आपल्या यंत्राने आधी कान द्यायचा, रडारची चाहूल लागली तर मुकाट्याने जागा सोडून दुसरीकडे जायचं. यंत्रं ते आपोआप करतात. पण असं मधेच उठावं लागलं की गिऱ्हाइकांचं इंटरनेट तुटतं, म्हणून त्या मधल्या चॅनेलच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

वहिनीचा एक धाकटा भाऊ आहे, बारक्या. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा उंच झाला, तरी बारक्याच. आईवडील लवकर गेले, त्याला वहिनीनेच वाढवला, आणि हे कामही तिनेच हाताला धरून शिकवलं. दोघं एकाच कंपनीत होती. मग गावात दुसरी कंपनी आली. तिने पाण्याच्या उंच टाकीवर आपले अँटेना चढवले, आणि बारक्या तिकडे गेला. नोकरी बदलली याचं वहिनीला एवढं नव्हतं. ते तिला मालकाच्या तोंडून कळलं, हे मात्र तिच्या मनाला लागलं. तो घरी यायचा, जेवायचा, दादाशी गप्पा मारायचा. पण बहीणभावात एक मुका कोपरा तयार झाला. पुढे त्याचं येणंही विरळ झालं.

कुरबुर पूर्वेकडच्या वसाहतीतून सुरू झाली. संध्याकाळ झाली की तिथलं इंटरनेट मान टाकायचं. तिथे गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहतात, त्यांच्या परगावच्या विद्यार्थिनी ताना घेता घेता पडद्यावर आ वासून थिजायच्या. बाईंनी वहिनीला फोन करकरून हैराण केलं. वहिनी छपरांवर चढून मापन यंत्राने धुंडाळू लागली आणि दुसऱ्याच दिवशी तिला उत्तर मिळालं. टाकीवरचा एक नवा अँटेना थेट त्या वसाहतीवर रोखलेला होता, तिच्याच चॅनेलवर.

तिने चॅनेल बदलला. दोन दिवसांत बारक्याही बदलून तिथेच आला, कारण त्यालाही तोच बरा वाटला. ती पुन्हा हलली, तो पुन्हा हलला. हा योगायोग नव्हता. कुठली जागा आधी बघायची, कुठली सोडून द्यायची, हे सगळं त्याला तिनेच शिकवलेलं. त्यामुळे दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघून पुन्हा पुन्हा एकाच दारात येऊन ठाकायची. मग तिने जोर वाढवला. त्याने सव्वाशेर वाढवला. गावातल्या दोन्ही कंपन्यांचं इंटरनेट रडतखडत चालू लागलं.

मी म्हटलं, अगं, फोन करून बोल ना त्याच्याशी. ती म्हणाली, त्याने करावा. दादा काच घासता घासता एवढंच म्हणाला की दोघांचे दात आणि दोघांचे ओठ एकाच तोंडातले आहेत, जरा जपून. ती ताडकन उठून बाहेर गेली.

त्या दिवसांत ती जेवतानाही उभी असायची. मालक रोज विचारायचा, वसाहत कधी सुधारणार. गिऱ्हाइकं टाकीकडे चालली होती. शेवटी एका सकाळी तिने नको ते केलं. यंत्रात आपण कुठल्या देशात आहोत ते निवडायचं असतं, कारण जागोजागचे नियम वेगळे. तिने भलताच देश निवडला, जिथे रडारसाठी कान देण्याची सक्ती नाही, आणि वसाहतीचा अँटेना मधल्या चॅनेलवर नेऊन ठेवला. ती जागा एकदम मोकळी, शांत. वसाहतीचं इंटरनेट झऱ्यासारखं वाहू लागलं. तिने मालकाला सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. म्हणाला, कसं केलंस ते मला सांगू नकोस, फक्त चालू राहू दे.

गाणाऱ्या बाईंनी फोन करून आशीर्वाद दिले. कंपनीत कौतुक झालं. आणि वहिनीची तळमळ मात्र दुप्पट झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. फोन वाजला की दचकायची, दारावर कुणी थाप मारली की आधी खिडकीतून बघायची. मला तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. मला वाटलं, भावाचं मनावर घेतलंय.

काही आठवड्यांनी रेडिओलहरींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे एक साहेब गावात आले. सर्दीने बेजार, हातात सतत रुमाल. त्यांनी दोन्ही कंपन्यांत रडारचं चित्र दाखवलं. चित्रात रडारपासून निघून आमच्या गावावरून खाडीपलीकडच्या समुद्रापर्यंत गेलेला एक सरळ पांढरा पट्टा होता, पिठाची रेघ ओढावी तसा. त्या पट्ट्याच्या आड ढग असले तरी रडारला दिसत नव्हते, आणि त्याच बाजूला मासेमारीच्या होड्या जात होत्या. गावातलं कुणीतरी रडारच्या कानात ओरडतंय, साहेब म्हणाले.

रडारवरून बघितलं तर टाकी आणि धुराडं एकाच रेषेत येतात. साहेब यंत्र घेऊन फिरले, आणि गोंगाटात जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो तोच आधी सापडतो. टाकीवरचा जोर नियमापेक्षा कितीतरी जास्त निघाला. बहिणीशी चाललेल्या त्या चढाओढीतच बारक्याने तो वाढवला होता. साहेबांनी टाकी तिथल्या तिथे बंद करायला लावली आणि सांगितलं की आता रडारवाल्यांना विचारतो. पट्टा गेला, तर दोषी कोण ते उघड आहे.

दुपारी मालकाने वहिनीला बोलावलं. तो खुशीत होता. टाकीची गिऱ्हाइकं फोन करायला लागली होती. तिने काय केलंय ते त्याने न सांगताच ओळखलं होतं. म्हणाला, आता गुपचूप आपला चॅनेल पूर्वीच्या जागी ने. पट्टा जाईल, टाकीवाल्यांवर शेकेल, आपण नामानिराळे.

वहिनी तिथून थेट घरी आली. मी एका ब्लाउजला बाही लावत होते. तिने माझ्या मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बाहेर वारा पडला होता, आभाळ शिशासारखं झालेलं. हवामान खात्याने वादळाची शक्यता वर्तवली होती आणि होड्या समुद्रात होत्या.

"बंद केलं तर बारक्या बुडतो," ती म्हणाली. "चालू ठेवलं तर होड्या. आणि मी इथे उभी आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, दादाला बोलावू का. ती म्हणाली, नको, तो मला बसायला सांगेल. आणि स्कूटर काढून गेली.

पुढचं मला बारक्याने सांगितलं. टाकीच्या पायथ्याशी साहेब रुमाल नाकाला लावून रडारवाल्यांच्या फोनची वाट बघत होते, बारक्या हाताची घडी घालून बाजूला. वहिनीने स्कूटर नीट लावलीही नाही, आडवी टाकली.

"तो पट्टा माझा आहे," ती म्हणाली. "टाकीचा नाही. मी आत्ता बंद करते, तुम्ही तिकडे विचारा."

साहेबांना आधी पटेना; भावाला वाचवायला आली असेल असं त्यांना वाटलं. तेव्हा तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर तो भलताच देश दाखवला. टाकी बंद होऊन तास उलटला तरी पट्टा तसाच आहे, हे रडारवाल्यांनी तेवढ्यात फोनवर सांगितलंच. मग तिने वसाहतीचा अँटेना बंद केला. रडारला आभाळभर फिरून नवं चित्र काढायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिघं उभी होती. बारक्या सांगतो, ताई टाकीला फेऱ्या मारत होती आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मग फोन आला. पट्टा गेला होता, आणि त्याच्या जागी ढगांचा मोठा पुंजका दिसत होता. होड्यांना माघारी बोलावण्याचा निरोप गेला.

वादळ आलंच नाही. ते उत्तरेकडे वळलं, आमच्याकडे नुसती धूळ उडाली. होडीवाले चरफडले की भरल्या समुद्रातून रिकामं परतावं लागलं. गावात लोक म्हणाले, एवढं नाटक करून हिने काय मिळवलं? वहिनी मला एकदा म्हणाली, वादळ आलं असतं तर बरं, असं एक क्षण वाटलं गं, आणि स्वतःचीच किळस आली.

कंपनीला दंड झाला, वसाहतीचा अँटेना जप्त झाला. मालकाने खात्याला लिहून दिलं की हे सगळं हिने एकटीने परस्पर केलं, आणि तिला काढून टाकलं. मी म्हटलं, त्याने हात वर केला होता ते सांग ना. ती म्हणाली, त्याचा हात वर होता, बटणावर माझा होता. गाणाऱ्या बाई बाजारात समोरून आल्या आणि भाजीकडे तोंड वळवून निघून गेल्या. ते तिला नोकरीपेक्षा जास्त लागलं.

बारक्या बऱ्याच दिवसांनी आला. आभार मानायला आला असेल म्हणून मी पाटपाणी केलं, तर त्याचा चेहरा लालबुंद.

"रडारची जागा सोडायची हे मला कुणी शिकवलं?" तो म्हणाला. "मी नवीन शिकत असताना एकदा तसं केलं होतं तर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस."

"तू तरी मला न सांगता का गेलास?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

दादा मधे म्हणाला, जेवून घ्या आणि मग भांडा, अन्नाचा काय दोष. जेवताना वहिनी पहिल्यांदा पाटावर बसलेली मी बघितली, पण घास घेता घेता बोट पाण्यात बुडवून फरशीवर रेघा ओढत होती. ही टाकी, हे धुराडं, ही वसाहत. बारक्या डाव्या हाताने त्यात खुणा करू लागला. तुमचा अँटेना थोडा खाली वाकव, एवढ्या उंचीवरून अख्ख्या तालुक्याला कशाला ऐकवतोस. मग तुमचं धुराडं काय कमी ओरडतं, तो म्हणाला. तुमचं नाही, गिरणीचं, ती म्हणाली, मी आता गिरणीत नाही. बरं, गिरणीचं. फरशी वाळायची, ती पुन्हा बोट बुडवायची.

साहेबांनी नंतर दोन्ही कंपन्यांना समोरासमोर बसवलं आणि बजावलं की आपसांत चॅनेल वाटून घ्या, जोर उतरवा. वाटणी कोण करणार यावरून पुन्हा जुंपली, कारण एकमेकांच्या माणसावर कुणाचा विश्वास नव्हता. बारक्या म्हणाला, माझ्या बहिणीला द्या. ती एकदा चुकलीय, आता तिच्यावर सगळ्यांची नजर राहील. गिरणीवाला, तिचा जुना मालक, तिला समोर बघायला तयार नव्हता. पण वसाहत बंद पडून त्याचं कंबरडं मोडत आलं होतं, शेवटी तोही कबूल झाला. दोघांनी आपापला जोर उतरवला तेव्हा सगळ्यांनाच आधीपेक्षा बरं ऐकू येऊ लागलं. पूर्वेकडच्या वसाहतीला टाकी आणि गिरणी यांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं. संध्याकाळी थोडं हळू चालतं, पण तुटत नाही.

वहिनी आता कुणाचीच नोकर नाही, दोघांचं काम करते आणि दोघांच्याही शिव्या खाते. बारक्याशी आठवड्यातून एकदा तरी वाजतं, कारण तो अजून संधी मिळाली की जोर थोडासा चढवतो आणि ती पकडते. तरी तो जेवायला येतो.

परवा इस्पितळाच्या गच्चीवर कुणीतरी नवा खांब उभारला. तिसरी कंपनी. त्यांना आमच्या वाटणीचं काही ठाऊक नाही. वहिनी सकाळपासून दारात चपला घालते आणि काढते. त्यांनी अजून यंत्र चालू केलेलं नाही, मग जाऊन काय बोलणार, असं दादा म्हणाला. चालू झाल्यावर बोलून काय उपयोग, ती म्हणाली, आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेली.